ऐरणवाडीत शपथ का घालत नाहीत

देवळाच्या पायऱ्या चढून दम लागला असेल तर कट्ट्यावर टेका, पण त्या लोखंडावर नको. ते बसायचं नव्हे. ती ऐरण आहे, पाऊण जमिनीत गेलेली. तिच्या माथ्यावर नखाने ओढल्यासारखी बारीक रेघ आहे, वाकून बघा म्हणजे दिसेल. ह्या गावात कुणी कुणाला शपथ घालत नाही. भावाभावांचा बांधावरून तंटा होवो, नवराबायकोचं बिनसो, 'देवीच्या पायावर हात ठेवून सांग' असं इथे म्हणायचं नाही. बाहेरून सून आली की सासू तिला चूल दाखवायच्या आधी हे सांगते. का, ते सांगतो. पण मध्येच फाटे फोडू नका.

फार मागे इथे शिदू नावाचा लोहार होता. त्याची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा त्याला अंगावर पाजलं ते देवळातल्या सगुणा गुरविणीने. शिदू तिलाच आई म्हणे. जानाईदेवीची पूजा, दिवाबत्ती, सगळं तिच्याकडे. नवरा गेल्यापासून ती एकटीच ते करायची. देवीच्या कपाळावर हरभऱ्याएवढा हिरा होता. कुण्या सरदाराने नवस फेडताना वाहिलेला, असं सांगतात.

एका नवरात्रात बायका ओट्या भरायला आल्या आणि कुजबुज सुरू झाली. हिरा चमकत नाही. आता देवीला तेल-हळद लावून लावून त्याच्यावर मेणाचा थर चढला होता. हिऱ्याला तेलकटपणा फार चिकटतो म्हणे. पुसून बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही. पराचा कावळा व्हायला काय लागतं? गुरविणीने हिरा विकला आणि त्या जागी काच बसवली, असं दुसऱ्या माळेपर्यंत गावभर झालं. सगुणा एकदाच म्हणाली, "म्या हात लावला नाही."

पाटलाने शिदूच्या भट्टीपाशी गाव जमवलं. खरा हिरा घणाने फुटत नाही, ऐरणीत रुततो, हे त्या काळी शेंबड्या पोरालाही ठाऊक. तेव्हा ठरलं असं की देवीच्या कपाळावरचा खडा काढून ऐरणीवर ठेवायचा आणि शिदूने घण मारायचा. हिरा रुतला तर सगुणा खरी. फुटला तर ती चोर, आणि दिवस मावळायच्या आत तिने गावाची शीव ओलांडायची.

शिदू मनातून खूशच झाला. कुठली वस्तू किती कठीण, हे त्याने हाताने शिकलेलं होतं. साध्या लोखंडाहून तापवून पाणी दिलेलं पोलाद कठीण, पोलादाहून धार लावायचा कुरुंदाचा दगड कठीण, आणि सगळ्यांच्या वर हिरा. आईने काही केलेलं नाही, हेही त्याला तितकंच पक्कं ठाऊक होतं. मग भ्यायचं कशाला?

"आई, तू घोर लावून घेऊ नको," तो म्हणाला. "माझा घणच तुझी साक्ष दील."

शिदूने घण उचलला आणि घातला. चुलीत मिठाचा खडा तडकावा तसा आवाज झाला, आणि ऐरणीवर चुरा उरला.

सगळेच एकदम बोलायला लागले. सगुणाने कमरेची देवळाची किल्ली काढून पाटलापुढे ठेवली आणि नेसत्या लुगड्यानिशी चालू लागली.

शिदूला काही सुधरेना. फुटली म्हणजे काच, आणि काच म्हणजे आईने चोरी केली. आई चोरी करील तर मग माणसाने धरून चालायचं काय? तो चुऱ्यात बोट फिरवत बसला, तर बोटाला टोचलं. एक कण चिमट्यात धरून त्याने ऐरणीवर ओढला. रेघ उठली. ज्या ऐरणीवरून त्याची कानससुद्धा घसरून जायची, तिच्यावर रेघ. मग त्याने कुरुंदाचा दगड पुढे ओढला. त्यावरही रेघ उठली, आणि कण होता तसाच. काच असती तर तिचं पीठ झालं असतं.

"हा हिराच हाय," शिदू म्हणाला.

"मग फुटला कसा?" पाटलाने विचारलं.

"ते कळंना."

"फुटला तर त्याला हिरा कसा म्हणायचा?"

"ते बी कळंना. पर हिरा हाय."

कुणी म्हणालं देवीचा कोप, कुणी म्हणालं घणावर करणी केलीय. शिदूची बायको काशी भाता ओढायची. ती म्हणाली, "जास्ती पाणी दिल्याली तुमची छिन्नी परवा जोत्यावरनं पडून दोन तुकडं झाली. ती काय मऊ हुती व्हय?" शिदूने ऐकलं, पण त्याचा अर्थ लावत बसायला त्याला सवड नव्हती. तो शिवेकडे धावत सुटला. आता तुमच्यासारखी कॉलेजातली मुलं येतात, ती सांगतात की ओरखडा न उठणं वेगळं आणि घाव सोसणं वेगळं. असेल बाबा. त्या दिवशी सांगायला कुणी नव्हतं.

सगुणा त्याला ओढ्यापाशी सापडली. "आई, काच नव्हती ती, हिराच हुता," तो म्हणाला. "चल माघारी. समदं गाव पाया पडंल तुझ्या."

"काच नव्हती, ते मला ठावं हाय की लेका." तिने विचारलं, "घण उचलायच्या आधी तुला काय वाटत हुतं?"

"तू खरी हाईस, असंच वाटत हुतं."

"मग उचललास कशाला?"

तिच्यासाठीच उचलला होता, हे खरं होतं, आणि तेच तिला सांगायची त्याला लाज वाटली. सगुणा ओढा उतरून पलीकडे गेली. पुढे तिचं काय झालं, ते कुणाला ठाऊक नाही. शिदूने ऐरण गाडीत घालून इथे आणली आणि पुरली. त्याने पुन्हा घण हाती धरला नाही, असं म्हणतात.

आजही देवीच्या कपाळावरची खोबण रिकामी आहे, आत गेलात की दिसेल. मागे सुरतेकडचा एक भक्त कारखान्यात केलेला हिरा घेऊन आला होता. खाणीतल्यापेक्षा तसूभर कमी नाही म्हणाला. शिवाय बोरॉनचं की कशाचं काहीतरी माणूस करतो, तेही कठीणपणात ह्याच्या खालोखाल, असंही सांगत होता. आम्हाला त्यातलं निम्मं कळलं, पण खडा फार देखणा होता. तरी गावाने हात जोडून परत केला. त्याला वाईट वाटलं. शिदूच्या घरातली एक म्हातारी तेव्हा गाभाऱ्यापाशी बसली होती, तिने त्याला जवळ बोलावलं.

"बसवू की वो," ती म्हणाली, "पर मग कवातरी कुणीतरी इचारणारच, खरा हाय का म्हणून."