मागचं दार

डोंगराला अजून पायवाट नव्हती, तेव्हाची गोष्ट. कोल्ह्यांच्या भीतीने विखुरलेल्या साळिंदरांनी एकच मोठं बीळ खणायचं ठरवलं. दारावर सगळ्यांत दांडगा राखणदार बसणार होता.

म्हातारी साळू अडून बसली. "मला हे बीळच नको. उद्या राखणदारच माजला, तर पळायचं कुठून?"

"आजी, तुझा कुणावर विश्वासच नाही!" सगळे वैतागले. खूप भांडण झालं. शेवटी तिला गप्प करायला त्यांनी मागे दुसरं दार खणलं.

काही वर्षांनी साळू वारली. पुढे एक राखणदार खरंच माजला. कंद दिल्याशिवाय तो कुणाला बाहेर सोडेना. मग सगळे मागच्या दाराने निघून गेले आणि तो रिकाम्या बिळावर पहारा देत राहिला.

"हे दार कुणी केलं?" पिल्लाने विचारलं.

आई म्हणाली, "खणलं सगळ्यांनी. पण त्यासाठी भांडली ती, जिला हे बीळच नको होतं."