नव्या चकतीचं मिनिट

"पण चाचा, हे मिनिट वाया कशाला घालवायचं?"

दिगंबरने विचारलं तेव्हा त्याच्या हातातला ग्राइंडर नुकताच थांबला होता. नवी चकती लावली होती. एक मिनिट तो नुसताच फिरवला होता... कशालाही न टेकवता.

दस्तगीर चाचांनी डोळ्यांवरचा गॉगल वर सरकवला.

"वाया कुठे गेलं? छान गेलं की."

"काम काहीच झालं नाही."

"नाही झालं," चाचांनी आनंदाने मान्य केलं आणि ते पुढच्या घोड्याकडे वळले.

मिरजेहून तासगावकडे जाताना डाव्या हाताला चाचांची शेड होती. जत्रेतले पाळणे, झुलत्या होड्या, फिरत्या चक्र्या तिथे तयार होत. या वर्षी सोळा घोड्यांची चक्री करायला घेतली होती. जत्रा आठ दिवसांवर आली होती आणि सात घोडे अजून व्हायचे होते.

घोडे लोखंडाचे, पण चाचांच्या हातून मान अशी वळायची की घोडा आता फुरफुरेल असं वाटावं. साचा नाही, माप नाही. तापलेल्या पाइपकडे एक डोळा बारीक करून बघायचं आणि वाकवायचं, बस्स.

ती मान शिकायलाच दिगंबर तोडकर पुण्यातली बारा वर्षांची नोकरी सोडून आला होता. कारखान्यात त्याचा हात सगळ्यांत जलद होता, आणि हे त्याने पहिल्याच दिवशी चाचांना दोनदा सांगितलं होतं.

चाचांनी त्याच्या हातात ग्राइंडर दिला होता. "आधी हा."

बारा वर्षं ग्राइंडर चालवलेल्या माणसाला! दिगंबरला ते फार लागलं होतं.

त्यात चाचांच्या तऱ्हा. चकती बदलायची तर आधी प्लग उपटायचा. चकतीवरची बारीक अक्षरं वाचायची. यंत्र मिनिटाला जितके फेरे घेतं त्याहून जास्त फेरे सोसणारी असेल तरच ती लावायची. कडा उजेडात धरून बघायची. गार्ड, म्हणजे चकतीवरचा अर्धगोल पत्रा, आपल्या बाजूला फिरवून घट्ट करायचा. दोन्ही मुठी दोन्ही हातांत. मग चकतीचं तोंड भिंतीलगतच्या वाळूच्या पोत्यांकडे करून, स्वतः तिच्या रेषेतून बाजूला होऊन, ते मिनिट.

"मला कानाने कळतं," दिगंबर एकदा म्हणाला होता. त्याने चकती बोटावर तोलून नखाने टिचकी मारून दाखवली होती. "असा आवाज आला की चकती उत्तम. बद्द आला की फेकायची. तुम्हाला नाही ऐकू येत फरक?"

चाचांनी ती चकती कानाशी धरली होती. बराच वेळ...

"नाही रे. दगडी चाकाचं थोडंफार कळतं. या पातळ चकतीचं मला अजून नाही कळलं."

म्हाताऱ्याचे कान गेले, असं दिगंबरने मनात म्हटलं होतं.

दहाव्या घोड्याचा पाय पोटाला जोडला, त्या दिवशी गोष्ट अडली.

पाय आणि पोट यांच्या बेचक्यात जोडाचं लोखंड फुगून आलं होतं. तिथे लहान मुलाची पोटरी घासणार. ते गुळगुळीत करायलाच हवं होतं. पण बेचका अरुंद. ग्राइंडर आत नेला की गार्ड अडायचा.

चाचा शेडच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांची सून रेहाना तिथे तयार घोड्यांना रंग देत बसली होती. कुठल्या घोड्याचे डोळे खट्याळ करायचे आणि कुठल्याचे झोपाळू, यावरून सासऱ्या-सुनेचं रंगात आलेलं भांडण चाललं होतं.

दिगंबरने पिशवीतून आपली चकती काढली. पुण्याहून येताना ही पिशवी मोटारसायकलला बांधून आणलेली. वाटेत ती दोनदा सुटून पडली होती. त्याने टिचकी मारली. आवाज छान आला. जुनी चकती काढून त्याने नवी बसवली, गार्ड उतरवून बाकावर ठेवला, ग्राइंडर उचलला, आणि वर बघतो तर चाचा.

वाळूच्या पोत्यांपुढे, चकतीच्या अगदी रेषेत, हात मागे बांधून उभे.

"चाचा, बाजूला व्हा."

"का?"

"मी चालू करतोय."

"कर की."

"गार्ड नाहीये."

"दिसतंय मला."

दिगंबर हसला. "बेचका अरुंद आहे. दोन मिनिटांचं काम. तुम्ही व्हा ना बाजूला."

"चकती चांगली आहे ना?"

"उत्तम आहे."

"कानाने ऐकलीस?"

"ऐकली."

"मग मी इथे बरा आहे," चाचा म्हणाले. "तुझं चालू दे."

...

दिगंबरचं बोट खटक्यावर होतं. चाचांच्या सदऱ्याची वरची दोन बटणं तुटलेली होती, आणि त्यातून त्यांची वाळकी छाती दिसत होती. श्वासाबरोबर हलत होती.

चकती उत्तम होती. आवाज छान आला होता. बारा वर्षांत त्याच्या हातून एकही चकती फुटली नव्हती.

...

बोट दबेना.

रेहानाने कुंचला खाली ठेवला. बाहेरच्या लिंबावरच्या साळुंक्यांची कटकट स्पष्ट ऐकू येऊ लागली.

"चाचा, हा काय हट्ट आहे..."

चाचांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पाइप वाकवताना करत तसा त्यांनी एक डोळा बारीक केला होता.

दिगंबरने बोट काढलं. ग्राइंडर बाकावर ठेवला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. गार्ड उचलून बसवायला म्हणून सवयीने त्याने वायर बाजूला केली, तर वायरचं टोक नुसतंच हातात आलं.

प्लग काढलेला होता.

येता येता चाचांनी कधी उपटला, ते त्याला कळलंही नव्हतं.

त्याने मान वर केली. चाचा पोत्यांपासून हटून त्याच्या मागे येऊन उभे होते.

"चल," ते म्हणाले. "गार्ड लाव. गॉगल घाल. आणि ते मिनिट होऊ दे."

दिगंबरने गार्ड घट्ट केला, गॉगल घातला, प्लग लावला. चकतीचं तोंड पोत्यांकडे धरलं, स्वतः रेषेतून बाहेर सरकला आणि खटका दाबला. घड्याळाकडे बघत तो मनाशी चरफडत होता. हे मिनिट संपलं की म्हाताऱ्याला चांगलं ऐकवायचं. प्लग काढून नाटक करतो...

बाविसाव्या सेकंदाला फटाका फुटल्यासारखा आवाज झाला.

हाताला हिसडा बसला. गार्डवर आतून कुणी हातोडा मारावा तसं काहीतरी आदळलं. रेहाना ओरडली. ग्राइंडर हातात रिकामाच कण्हत राहिला. दिगंबरने खटका सोडला, पण मुठी सोडायला त्याला जमेना. चाचांनी प्लग काढला आणि त्याची बोटं एकेक करून उलगडली.

"मोज," चाचा म्हणाले.

"काय?"

"बोटं. तुझी."

दिगंबरने खरोखरच मोजली. दहा होती.

गार्डला सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. समोरच्या एका पोत्याला भोक पडून वाळूची बारीक धार खाली गळत होती. ते भोक छातीच्या उंचीवर होतं. दिगंबर तिथे गेला आणि त्याने भोकात बोट घातलं. चकतीचा तुकडा आत बोटभर खोल गेला होता, अजून गरम.

तो तिथेच खाली बसला, आणि त्याला एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते बघून चाचांनाही आवरेना. दोघं वाळूत बसून लहान पोरांसारखे हसत राहिले.

"दोघांनाही वेड लागलंय," रेहाना म्हणाली. घाबरून तिचा हात उडाला होता. झोपाळू ठरलेल्या घोड्याचा एक डोळा मोठ्ठा, वटारलेला झाला होता. तिने तो तसाच राहू दिला आणि चहा ठेवायला गेली.

चहा झाल्यावर चाचांनी बेचक्यासाठी कानस काढून दिली. दिगंबर कितीतरी वेळ हातानेच घासत बसला. काम हळू चाललं होतं. जोड गुळगुळीत होत आला, तसा तो मधूनमधून त्यावरून तळवा फिरवून बघू लागला. पोटरी घासणार नव्हती.

चाचा बाजूला पाइप तापवत होते. "झालं की इकडे ये," ते सहज म्हणाले. "मान वळवायला दोन माणसं लागतात."

दिगंबरचा कानस धरलेला हात थांबला.

"चाचा... ती फुटणार हे तुम्हाला कळलं होतं?"

"छे! चांगली दिसत होती की."

"आणि प्लग तर काढलेला होता. मी खटका दाबला असता तरी काही झालं नसतं."

"काहीच नसतं झालं."

"मग तिथे उभं राहून इतका वेळ काय बघत होतात?"

चाचांनी पाइप जाळावर फिरवला. तो आता केशरी होऊ लागला होता.

"तुझं बोट."