आमराईचा कौल

एकदा एका डोंगरी मुलुखात एक लहानसे गणराज्य नांदत होते. तेथे राजा नव्हता. सात वस्त्यांचे बेचाळीस सभासद मंडपात जमत, मनसोक्त वाद घालत, आणि शेवटी प्रत्येक जण एक काडी टाकून आपला कौल देई; होकाराला पांढरी, नकाराला काळी. पिढ्यान्पिढ्या असेच चालत आले होते आणि लोकांना त्याचा अभिमान होता.

या गणाचे वयोवृद्ध मार्गदर्शक होते आचार्य देवरात, आणि त्यांचा लाडका शिष्य होता भद्रसेन. भद्रसेन बुद्धिमान होता, मनाने निर्मळ होता. पण आपल्यापाशी जे चांगले आहे ते दुसऱ्याला मिळालेच पाहिजे, आणि तेही आजच, असा त्याचा स्वभाव होता.

खिंडीपलीकडे शृंगवन नावाचा प्रांत होता. तेथला राजा निपुत्रिक वारला आणि धान्यकोठारांचा अधिकारी मल्लक सर्वांचा धनी होऊन बसला. हे ऐकून भद्रसेन सभेत उभा राहिला. "शेजारी माणसे मुकी होऊन जगत असताना आपण आपल्या स्वातंत्र्याचे गोडवे गात बसायचे का?" असे त्याने कळकळीने विचारले. सभेला ते पटले. शंभर भालाईत आणि काड्यांची एक पेटी घेऊन तो शृंगवनात गेला.

शंभर भाले पाहून मल्लकाने हसतमुखाने स्वागत केले. भद्रसेनाने चौकात मंडप उभारला, दवंडी पिटवली आणि लोकांपुढे प्रश्न ठेवला: कालव्याचे पाणी आधी मल्लकाच्या शेतांना मिळावे काय? मल्लकाने सर्वांदेखत पांढरी काडी टाकली. मागोमाग दोनशे माणसांनी पांढऱ्या काड्या टाकल्या. काळी काडी पडली एकच, नंदिक नावाच्या विणकराची. "शृंगवनात सभा स्थापन झाली," असा निरोप भद्रसेनाने घरी धाडला, पेटी मल्लकाच्या हवाली केली आणि भालाइतांसह तो परतला. गावाने त्याचे औक्षण केले.

वीस दिवसांनी नंदिक बायकामुलांसह खिंड ओलांडून आला. मल्लकाच्या माणसांनी त्याचा माग मोडून जाळला होता. भद्रसेनाला पाहून तो रागावला नाही, की रडलाही नाही. एवढेच म्हणाला, "आपण मला काडी दिलीत. ती टाकल्यावर माझं काय होईल, ते मात्र सांगितलं नाहीत."

ते शब्द भद्रसेनाच्या काळजात रुतले. तो तडक आचार्यांकडे गेला. "आचार्य, माझी चूक झाली. शंभर भालाईत अपुरे पडले. या वेळी पाचशे नेतो आणि पाच वर्षं तिथंच राहतो. सभेत हा ठराव मांडायची अनुज्ञा द्या."

"मांड की," आचार्य म्हणाले. "मिठाच्या जत्रेच्या दिवशी सभा भरेल. पण तुझ्या ठरावाआधी माझ्या आमराईचा विषय घेऊ."

भद्रसेन चपापला. आचार्यांनी चाळीस वर्षे ज्या आमराईत बसून विद्यादान केले, ती तोडून तेथे तलाव खणावा अशी खालच्या वस्तीची मागणी होती. वस्तीच्या बायका कोसभरावरून पाणी आणत. आचार्यांचे म्हणणे होते की तलाव उत्तरेच्या माळावर व्हावा. विषय सभेत आला तर आचार्य हरणार, हे सगळ्यांना दिसत होते.

"पण आचार्य, जत्रेला शृंगवनाची माणसं येतात. आपला अपमान परक्यांच्या डोळ्यांदेखत कशाला?"

"म्हणूनच तर," आचार्य म्हणाले, "त्यांना मंडपात पुढची जागा दे."

याचा अर्थ काही केल्या भद्रसेनाला लागेना. तरीही आज्ञेप्रमाणे त्याने जत्रेतून आठ-दहा जणांना बोलावून आणले. त्यांत तेलघाणा चालवणारी धनिष्ठा नावाची एक वयस्क, करारी बाई होती.

सभा भरली. खालच्या वस्तीच्या वतीने सोमिल नावाचा तरुण कुंभार बोलायला उठला. सुरुवातीला त्याचा आवाज कापत होता, पण बोलता बोलता तापला आणि म्हणाला, "आचार्यांना सावली हवी आहे, आम्हाला पाणी हवं आहे. यात मोठं काय ते सभेनं सांगावं!" आचार्यांनीही हातचे राखून ठेवले नाही. माळावरच्या झऱ्याचा, उताराचा, मातीचा सगळा हिशोब मांडून ते घटकाभर बोलले. मग काड्या पडल्या. तलावाच्या बाजूने एकतीस पांढऱ्या, विरुद्ध अकरा काळ्या.

धनिष्ठा भद्रसेनाकडे झुकून हळूच म्हणाली, "त्या कुंभाराला आता कुठं पाठवतील हो? बायकापोरं आहेत का त्याला?"

भद्रसेन तिच्याकडे पाहतच राहिला. तिचा प्रश्न त्याला आधी कळलाच नाही. कळला तेव्हा त्याला नंदिकाचा जळलेला माग आठवला.

तेवढ्यात आचार्य उठले आणि सोमिलाजवळ जाऊन म्हणाले, "बोललास छान. सावलीचं मात्र उगाच काढलंस, मला झोंबलं ते. आता भूक लागली आहे. तुझ्या घरी काय शिजलं आहे?"

"कुळथाचं पिठलं आणि भाकरी," सोमिल ओशाळून म्हणाला.

"चल तर. आणि या पाहुण्यांनाही घेऊ."

भर दुपारी कुंभाराच्या ओसरीवर पंगत बसली. सोमिलाच्या बायकोने आचार्यांना दोनदा आग्रहाने वाढले. आचार्य आणि सोमिल तलावाच्या बांधावरून पुन्हा हुज्जत घालू लागले. शृंगवनाची माणसे जेवायचे विसरून ते बघत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आचार्य स्वतः आमराईत गेले आणि कोणती झाडे आधी तोडायची, त्यांवर चुन्याच्या खुणा करू लागले. तेही त्या माणसांनी जाताना पाहिले.

पाहुणे खिंडीकडे वळल्यावर भद्रसेनाने विचारले, "आचार्य, त्यांना दाखवण्यासाठी आपण मुद्दाम हरलात?"

"नाही रे बाळ. मी जिंकायलाच उभा राहिलो होतो. आमराई गेली याचं मला वाईट वाटतं आहे आणि ते वाटत राहील." आचार्य खाली बसले. "तू त्यांना कौल घेण्याची रीत नेऊन दिलीस. पण हरलेल्या माणसाची काय गत होते, हे शृंगवनात ज्याला त्याला ठाऊक आहे. म्हणून तिथं कोणी हरायला धजत नाही, आणि मल्लक तर मुळीच नाही. पाचशे भाले नेलेस, तर ते मल्लकाऐवजी तुला भिऊन काड्या टाकतील, इतकंच. हरूनही माणूस सुखानं घरी जातो, जिंकलेल्याच्या ओसरीवर जेवतो, हे सांगून पटत नाही. ते डोळ्यांनी बघावं लागतं."

"मग नंदिकासारख्यांनी तोवर सोसतच राहायचं?"

"नाही. खिंड उघडी ठेव. पळून येईल त्याला छप्पर दे, माग दे. बघायला येईल त्याला मंडपात जागा दे. आणि मल्लक भेटला की नंदिकाचा माग का जाळला, हे सर्वांसमोर विचारायला कचरू नकोस. एवढं आपल्या हाती आहे. पुढचं त्यांचं त्यांनी करायचं."

भद्रसेनाने आपला ठराव मागे घेतला.

दोन वर्षे गेली. नंदिक परतला नाही. नव्या मागावर त्याचा जम बसला होता. पण शृंगवनातून बातम्या येत. घाण्यावर आधी कोणाचे तीळ घ्यायचे, यासाठी धनिष्ठाने झाकलेल्या मडक्यात खडे टाकायला लावले होते, कोणाचा खडा कुठला ते दिसू नये म्हणून. मग कालव्याच्या पाळ्याही मडक्यावर ठरू लागल्या. आता कोणाचा माग जाळावा हेच मल्लकाला कळेना; संतापून तो तीन महिने तिकडे फिरकला नाही. त्याच्यावाचून अडेना, तेव्हा मुकाट्याने येऊन बसू लागला.

धनिष्ठाच्या बोलावण्यावरून भद्रसेन एकदा पाहुणा म्हणून गेला आणि मागे बसला. विषय मल्लकाच्याच शेतांच्या पाण्याचा होता. खडे मोजताना केवढा गोंगाट झाला! दोनदा मोजणी चुकली. त्याच्या गणात असे कधी चालले नसते. उठून सांगावे असे त्याला फार वाटले, पण तो बसून राहिला. तिसऱ्या मोजणीत मल्लक चार खड्यांनी हरला.

सगळे श्वास रोखून त्याच्याकडे बघू लागले. मल्लकाने उपरणे झटकले, सगळ्यांवर एक जळजळीत नजर टाकली आणि म्हणाला, "पुढच्या पौर्णिमेला हाच विषय पुन्हा मांडीन. बघून घेईन मग!"

कोणीतरी खुदकन हसले. धनिष्ठा म्हणाली, "मांडा की. मडकं इथंच आहे." मल्लक तरातरा घरी निघून गेला, आणि लोक पुढच्या विषयाकडे वळले.

भद्रसेनाच्या डोळ्यांत पाणी आले. पुन्हा मांडीन म्हणणारा माणूस सभा मान्य करून बसला आहे, हे त्याच्या ध्यानात आले.

परमुलुखात लोकशाही पोचवण्याची ज्यांना तळमळ आहे, त्यांनी आपल्या सभागृहात हरलेला माणूस घरी कसा जातो, ते आधी पाहुण्यांना दाखवावे.