पहिल्या रांगेतले वानर

मुलांनो, नदीकाठच्या एका रानात अर्जुनाच्या झाडाखाली एक शाळा भरत असे. धड पिल्लेही नाहीत आणि धड मोठीही नाहीत, अशा शिंगे फुटू लागलेल्या वयाची जनावरे तिथे शिकत आणि एक बगळा त्यांना शिकवत असे. बगळ्याला शिस्तीचा भारी अभिमान! स्वतः तासन्‌तास एका पायावर उभा राही, आणि दुसऱ्याने जरा चुळबुळ केली तरी त्याला खपत नसे. आणि चुळबुळ करण्यात एका वानराचा हात धरणारा कोणी नव्हता. धडा रंगात आला की हे पोर टुणकन झाडावर चढे आणि ‘खॅक खॅक’ असा बिबट्या आल्याचा इशारा देई. मग काय, हरणे एकीकडे, ससे दुसरीकडे आणि रानडुकरे थेट गुरुजींच्या अंगावरून! बिबट्या मात्र कुठेच नसे.

बगळ्याने उपाय करण्यात कसर ठेवली नाही. वानराला दुपारचा खाऊ बंद केला, त्याची शेपटी वेलीने बांधून पाहिली आणि द्वाड पोराला सगळे मास्तर जिथे बसवतात तिथे, म्हणजे पहिल्या रांगेत, आपल्या चोचीसमोर आणून बसवले. खोडी कमी व्हायची सोडून दुप्पट झाली. शेवटी बगळ्याने जाहीर केले, की येत्या पौर्णिमेला वानराचे नाव शाळेतून कमी होईल. वानराची आई नुसती पोराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ते पाहून बगळ्याला कसेसेच झाले. त्याने वानराला डोहातल्या म्हाताऱ्या कासवीणबाईंकडे धाडले आणि एकदा तुम्हीच बोलून बघा, असा निरोप दिला.

कासवीणबाईंनी उपदेशाचा एक शब्दही काढला नाही. तीन दिवस त्या वानराजवळ नुसत्या ऊन खात बसल्या. चौथ्या दिवशी त्यांनी विचारले, “ओरडायच्या आधी तुला काय होतं रे, बाळा?”

वानराने एकदा मागे वळून पाहिले. मग म्हणाले, “मागे गवत सळसळतं. माझ्या बाबांना बिबट्याने मागूनच नेलं.”

कासवीणबाई तडक शाळेत आल्या. कासवाला जितके तडक येता येते तितक्या. म्हणाल्या, “गुरुजी, ज्या गवताची या पोराला धास्ती, त्याच गवताकडे पाठ करून तुम्ही त्याला बसवलंत.”

बगळ्याने पहिली रांग पाहिली, तिच्यामागचे उंच गवत पाहिले आणि त्याची मान खाली गेली. इतक्या शिक्षा केल्या, पण एवढे साधे विचारायचे त्याला सुचले नव्हते. त्याच दिवशी त्याने वानराला सर्वांत उंच फांदी दिली, तोंड गवताकडे. कासवीणबाईंनीही त्याला रोज बोलावून एक सवय लावली. गवत हलले की तीन श्वास घ्यायचे, पुन्हा पाहायचे आणि मगच ओरडायचे. सुरुवातीला एका श्वासातच त्याचा धीर सुटे. पण पुढेपुढे अख्खा धडा शांततेत पार पडू लागला, आणि बगळा मनातल्या मनात हरखून गेला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गवत हलले. बगळ्याने वर पाहिले. वानर ताठ बसले होते. एक श्वास. दोन. आता बगळ्याचाच श्वास अडकला. तीन. वानराने पुन्हा पाहिले आणि सारे रान दुमदुमले, ‘खॅक! खॅक!’

“याचं पुन्हा सुरू झालं,” म्हणत हरणे हसत बसून राहिली.

बगळ्याने पंख फडफडवले. “उठा. त्याने दोनदा पाहिलंय.”

गुरुजींचा तो आवाज ऐकताच सगळी शाळा उधळली. दुसऱ्याच क्षणी बिबट्याने झेप घेतली आणि पहिल्या रांगेच्या रिकाम्या जागेवर तो तोंडघशी पडला. शेपूट पायांत घालून तो गवतात नाहीसा झाला, तेव्हा झाडाझाडांवरून एकच जल्लोष उठला. ससे उड्या मारत होते, डुकरे लोळत होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच बगळा दोन्ही पायांवर नाचत होता.

पौर्णिमेला हजेरी झाली. बगळ्याने सर्वांत आधी वानराचे नाव घेतले.

तात्पर्य : खोडीला शिक्षा करण्याआधी खोडकराच्या मनातले विचारावे; भीती ओळखून वाट दाखवली, की शिस्त आपोआप अंगी येते.