पेट्यांच्या मधे यायचं नाही

एका काळजीनं काल माझा डोळा लागला नाही. खाणीत छत कुरकुरलं, तर खालच्या माणसांना सांगणार कोण? मुग्धाचे बाबा आता सर्वांत खालच्या थरात जातात.

सकाळी मुग्धानं विचारलं, "बाबांना फोन का लागत नाही?" मी फिजिक्स शिकलेली. लहरी, दगड, सगळं नीट समजावलं. तिनं जांभई दिली. मग म्हटलं, गोष्टच सांगावी.

कोळशाच्या खाणीजवळच्या एका गावात एक भोळा वायरलेसवाला होता. नाव डोमा. सांगाल तसं करायचा. अगदी तसंच.

पहिल्या दिवशी खाणीतले मुकादम, सरदार निखाडे, म्हणाले, "डोमा, वायरलेसची लहर सरळ जाते, वळत नाही. वळणावर उभं राहून बोलत जा."

"बरं, सरदार."

संध्याकाळी बायकोनं, पार्बतानं, चुलीपासून विचारलं, "अवो, भाकर वाढू काय?" डोमा उठला, गल्लीच्या वळणावर गेला आणि तिथून ओरडला, "वाढ!"

पार्बता संतापली. "मले काही सांगाचं असन, तर समोर येऊन सांगत जा!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी खाणीत निरोप आला, कोळशाचे डबे सोडू नका. डोमानं वायरलेस कमरेला अडकवला आणि समोर उभं राहून सांगायला खालपर्यंत चालत गेला. तोवर डबे रुळावरून घसरले होते.

सरदारांनी कपाळाला हात लावला. "अरे, चालत कायले गेला? वळणावळणावर पेट्या टांगल्या हायेत. ही पेटी त्या पेटीले निरोप देते. फक्त मधे कोणाले येऊ देऊ नको."

"बरं, सरदार."

आणि एके दिवशी छत कुरकुरलं. सरदार वायरलेसवर ओरडले, "डोमा, सगळ्यांले बाहेर काढ!"

डोमानं लगेच निरोप पाठवला. खालून माणसं धावत आली. वळणावर डोमा हात पसरून उभा.

"थांबा! पेट्यांच्या मधे यायचं नाही!"

"सरक बे डोमा! छत खाली येऊन रायलं!"

"आधी निरोप पोचू द्या."

"कोणता निरोप?"

"सगळ्यांनी बाहेर पडा."

"पोचला बे! म्हणूनच तर आलो!"

"पोचला ना? मधे कोणी नव्हतं, म्हणून पोचला." आणि डोमानं हात आणखी पसरले.

इथे मीच अडकले. हसवायला काढलेली गोष्ट, आणि माणसं नेमकी नको तिथे उभी करून ठेवली होती.

मुग्धा म्हणाली, "अगं, गेले असतील त्याच्या हाताखालून वाकून. बाबा नाही का आपल्या बुटक्या दारातून येत, तसे."