कुणालाच न सापडणारा खुरू

जंगलातल्या आयांना मुलांची काळजी करायची नुकतीच सवय लागली होती, त्या काळची गोष्ट. साळिंदरबाई आपल्या खुरूला घेऊन लपाछपीच्या माळावर आल्या. खुरूला मोठा आवाज सोसायचा नाही. कुणी ओरडलं की तो गोळा होऊन काटे फुलवायचा.

"घ्याल ना रे याला?" बाईंनी इतक्या काकुळतीने विचारलं, की त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"घेऊ की काकू! कच्चा लिंबू!" माकडांची चिमी म्हणाली. म्हणजे खेळायचं, पण राज्य कधीच यायचं नाही. बाई धन्य झाल्या.

खुरू गवताच्या चार काड्यांमागे लपला. सगळाच्या सगळा दिसत होता. चिमी "कुठे गेला बाई हा?" म्हणत शेजारून निघून गेली. आठवडाभर हेच. शेवटी खुरू रडत घरी आला. "आई, मी कुणालाच सापडत नाही!"

मुलगा हरत नाही अशी तक्रार कुठली आई करते? पण बाई चिमीकडे गेल्या.

"अहो, सापडला की नाव ओरडायचं असतं. मग हा काटे फुलवतो," चिमी म्हणाली.

"मग... हळू म्हणशील?" आपण फारच मागितलं की काय, म्हणून बाईंना घाम फुटला.

"एवढंच? आधी नाही का सांगायचं!"

दुसऱ्या दिवशी चिमी गवताशी वाकून कुजबुजली, "खुरू, सापडलास. राज्य तुझ्यावर."

साळिंदरबाईंनी जंगलभर बोरं वाटली.

"पहिला नंबर आला वाटतं?" अस्वलीणबाईंनी विचारलं.

"छे हो," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "सगळ्यात आधी आउट झाला!"