गेणबाचं गवत

"…आणि या खोट्या गवतावर बसून तुम्ही आम्हाला सत्य सांगणार?"

सुव्रतचा आवाज चढला. ओसरीत हिरव्या गवताची भेंडोळी उभी होती. प्लॅस्टिकचा वास सुटला होता.

मठीच्या अक्का शेंगा फोडत होत्या. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला.

"मी कुठे बसणार आहे? गेणबा बसणार."

गेणबा म्हणजे मठीतला कुत्रा. पिल्लू होता तेव्हापासून अक्कांच्या खाटेखाली झोपायचा. आता तोंड पांढरं झालेलं, मागचे पाय लटपटणारे.

मठी गोदेच्या काठी, काळ्याभोर मातीवर. पावसाळ्यात आभाळ चार दिवस उघडलं तरी अंगणातलं पाणी जिरायचं नाही, घोटाभर चिखल तसाच राहायचा. त्या चिखलात गेणबा एकदा मागच्या पायांवर कोसळला. उठताच येईना. तेव्हापासून तो उंबरठ्यापर्यंत यायचा, बाहेर बघायचा… आणि परत फिरायचा. अगदी असह्य झालं तरच बाहेर पडायचा.

गुरांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "हा असा लघवी धरून बसला तर जाईल. पाय कोरडे राहतील अशी जागा द्या त्याला."

म्हणून शहरातून जालिंदर आला होता. ज्यांच्या घरी कुत्रं आहे आणि अंगणात पाणी तुंबतं, अशा लोकांकडे हे गवत बसवणं हाच त्याचा धंदा.

"महाराज, एवढं वाईट नाही हो ते," तो सुव्रतला म्हणाला. "मरत नाही, वाढत नाही, खायला-प्यायला मागत नाही. तुमच्यापेक्षा पक्का संन्यासी आहे."

सुव्रत हसला नाही. तत्त्वज्ञानात एम.ए. करून, हातातली नोकरी सोडून तो इथे आला होता, तो एकाच ओढीनं. जगात एक तरी जागा अशी असावी, जिथे काहीच खोटं नाही. अक्कांच्या पायाशी ती सापडली असं त्याला वाटलं होतं. आणि आता तिथेच हे.

"हे अंगणात आलं, तर मी इथे राहणार नाही."

जालिंदरनं अक्कांकडे पाहिलं.

"मग थांबू," अक्का म्हणाल्या.

"आणि गेणबा?"

"त्याला मी उचलून नेईन," सुव्रत म्हणाला. "रोज नेईन. जन्मभर नेईन."

"ने."

त्यानं गेणबाला उचललं. म्हातारं असलं तरी कुत्रं जड होतं. चिखलात गुडघे टेकून, पोटाखाली दोन्ही हात घालून त्यानं त्याला उभं धरलं.

"कर, गेणबा. कर ना."

गेणबानं कान पाडले. मान वळवली. सारं अंग थरथरत होतं, पण थेंब नाही.

"कर रे बाबा… मी आहे ना."

गेणबा दूर नदीकडे बघत राहिला.

संध्याकाळी पुन्हा तेच. सुव्रतचे हात भरून आले. चिखलानं माखलेला तो ओसरीत परतला, तेव्हा जालिंदरनं मुकाट्यानं पाण्याची बादली पुढे सरकवली.

पहाटे तो उठला, तर उंबरठ्याच्या आतल्या बाजूला फरशी ओली होती. गेणबा खाटेखाली भिंतीला चिकटून पडला होता, तोंड पंजात खुपसून. इतक्या वर्षांत त्यानं घरात असं कधी केलं नव्हतं.

"गेणबा?"

शेपटीसुद्धा हलली नाही.

सुव्रत खाटेपाशी वाकला. तेवढ्यात मागून अक्का म्हणाल्या, "त्याच्याकडे बघू नकोस. तोंड फिरव."

"अं?"

"त्याला लाज वाटते आहे."

त्या स्वतः पाठ करून उभ्या होत्या.

सुव्रत त्या पाठीकडे बघत राहिला. मोटारी घेऊन येणाऱ्या बड्या लोकांसाठी अक्का कधी जागच्या हलल्या नव्हत्या. एका मंत्र्याला त्यांनी पाऊण तास ताटकळत ठेवलं होतं, चुलीवर दूध होतं म्हणून. आणि आता एका म्हाताऱ्या कुत्र्याची लाज राखायला त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या…

त्यानंही तोंड फिरवलं.

बराच वेळ दोघं तसेच उभे होते. मग खाटेखालून नखांचा आवाज आला. गेणबा उठून आतल्या खोलीत गेला.

सुव्रतनं फरशी पुसली. कोपऱ्यातलं फावडं उचललं.

"जालिंदरभाऊ, उठा. कुठून खणायचं?"

"आता कसं," जालिंदर डोळे चोळत म्हणाला. "पण महाराज, गवत अंथरणं हे शेवटचं काम. आधी चिखल उपसायचा."

चिखल उपसता उपसत नव्हता. काळी माती फावड्याला चिकटायची, सुटायची नाही. हातभर खड्डा झाला, तेव्हा सुव्रतच्या तळव्यांना फोड आले होते. मग जालिंदरनं आणलेली खडी. वर बारीक कच. सुव्रत जिद्दीचा. पाटी पाटी पसरून, फळीनं ओढून, धुमसानं ठोकून त्यानं जमीन अशी सपाट केली की जणू आरसा. कुठे तसूभर उंच नाही, कुठे सखल नाही.

तो अभिमानानं बाजूला झाला.

अक्का आल्या. त्यांनी मधोमध कळशी उपडी केली. बरंचसं पाणी खाली झिरपलं. उरलेलं तिथेच थबकलं.

जालिंदर गालातल्या गालात हसला.

"समत्व छान साधलंयस," अक्का म्हणाल्या. "पाण्याला मात्र उतार लागतो."

सुव्रतचे कान लाल झाले. त्यानं पुन्हा फावडं उचललं आणि सगळी खडी नव्यानं ओढली, ओसरीपासून नदीकडे उतरत जाणारी.

दिवस कलताना गवत पसरलं. जालिंदरनं कडा ठोकल्या, सांधे जुळवले, केस उलटे विंचरावेत तशी पाती झाडूनं उभी केली. काम आटोपतं न आटोपतं तोच सर कोसळली. तिघं ओसरीत येऊन बसले.

हिरव्यावर पाणी चमकलं… आणि गेलं.

पाऊस थांबल्यावर गेणबा उंबरठ्याशी आला.

त्यानं नाक पुढे केलं. हुंगलं. एक पंजा ठेवला, मागे घेतला. पुन्हा ठेवला. मग दुसरा. मागचे पाय लटपटले… पण टिकले. डुलत डुलत तो पार कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे स्वतःभोवती फिरू लागला.

सुव्रतनं श्वास रोखून धरला होता. तरी त्याच्यातला एम.ए. गप्प बसेना. तो अक्कांच्या कानाशी पुटपुटला,

"अक्का… हे खोटं आहे, हे त्याला कळत असेल का हो?"

"विचार की त्याला," अक्का म्हणाल्या. "पण आधी त्याचं होऊ दे."